त्याच्या वतीने, त्याच्या नावावर

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात, एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ पानांचं पत्र तयार केलं. ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाकडे गेलं. मुलगा एक वर्षाचा असतानाच गाण्यांचे सूर अचूक गुणगुणत असे. चर्चच्या धर्मशिक्षणातली २५ प्रश्नोत्तरं त्याला पाठ होती. पण आई-वडील समोर आले तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नसे. हे सगळं बापाने बारकाईने टिपलं होतं. १९४३ साली कॅनरचा ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ऑटिझम हे निदान जगासमोर आलं. त्यातला पहिला मुलगा हाच, डॉनल्ड ट्रिप्लेट. त्याच्याविषयीचा बराच मजकूर त्या पत्रातूनच घेतलेला आहे.

म्हणजे या निदानाच्या इतिहासातली पहिली साक्ष पालकाची आहे. तेव्हापासून आजपर्यंत ऑटिस्टिक मुलांविषयी जगाला जे कळलं त्यातला मोठा भाग आई-बापांच्या तोंडून कळला. शाळा त्यांनी काढल्या, कायदे त्यांनी करून घेतले, पुस्तकं त्यांनी लिहिली. आणि गेली तीसेक वर्षं मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं विचारत आहेत की आमच्या वतीने बोलायला तुम्हाला सांगितलं कोणी?

हा प्रश्न पालकांच्या काळजाला लागतो. रात्र-रात्र जागलेल्या आईला तो कृतघ्न वाटतो. तरीही तो टाळता येणार नाही. या वादाचं बरंचसं वाचल्यावर मला असं दिसतं की आपण तीन वेगळी बोलणी एकाच नावाखाली घालतो. मी काय पाहिलं हे सांगणं ही साक्ष. त्याला काय हवं हे सांगणं ही मुखत्यारी. आणि मला काय सोसावं लागलं हे सांगणं, ते आईचं किंवा बापाचं स्वतःचं आत्मकथन. साक्षीत पालकांना तोड नाही. आत्मकथनाचा हक्क त्यांचा आहेच. घोळ होतो तो मुखत्यारीत, आणि त्याहून जास्त घोळ एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर चढवण्यात होतो.

आपली भाषाही यातून सुटलेली नाही. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द कानाला गोड आहे, पण तो निवाडा देऊन मोकळा होतो. मूल स्वतःत रमलं आहे, की बाहेरच्या गोंगाटाने गांगरून आत शिरलं आहे, की बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही, हे त्याला न विचारताच ठरून गेलं. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की ऑटिस्टिक प्रौढांना ‘ऑटिस्टिक’ हेच विशेषण जास्त पसंत होतं आणि व्यावसायिकांना ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ ही शब्दरचना. नाव कोणी ठेवायचं इथपासूनच मतभेद आहेत. या लेखात मी ‘ऑटिस्टिक’ म्हणतो आहे ते त्यामुळे.

पण पालकांवर बोट ठेवण्याआधी त्यांचं तोंड किती काळ दाबलेलं होतं हे आठवायला हवं. कॅनरच्या निबंधातच या मुलांच्या आई-बापांमध्ये मायेची ऊब कमी दिसते असा शेरा होता. १९४९ साली त्याने लिहिलं की ही मुलं जणू फ्रिजमध्ये ठेवलेली आहेत. त्यातून ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही कल्पना रुजली. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइमने १९६७ च्या आपल्या पुस्तकात ती टोकाला नेली. स्वतः नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या माणसाने ऑटिस्टिक मुलाच्या मनःस्थितीची तुलना छळछावणीतल्या कैद्याशी केली. मग पहारेकरी कोण, हे आईला सांगायची गरज उरली नाही. मुलाला आई-बापांपासून तोडणं हाच उपचार ठरला. जिचं मूल बोलत नाही तिने तोंड उघडलं की ते बोलणंच तिच्याविरुद्धचा पुरावा धरलं जाई.

ही कोंडी पालकांनीच फोडली. बर्नार्ड रिमलँड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याचा मुलगा मार्क ऑटिस्टिक होता. १९६४ साली त्याने पुस्तक लिहून दाखवून दिलं की आईच्या थंडपणाला पुरावा नाही आणि कारण मेंदूत शोधायला हवं. प्रस्तावना खुद्द कॅनरची होती. पुस्तकाला एक प्रश्नावली जोडलेली होती. देशभरातल्या आई-बापांनी ती भरून पाठवली. पुढच्याच वर्षी त्याने रूथ सलिव्हन या ऑटिस्टिक मुलाच्या आईसह पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९६९ साली याच संघटनेसमोर कॅनरने पालकांना निर्दोष ठरवलं. तिकडे ब्रिटनमध्ये १९६२ सालीच पालकांनी संस्था काढली होती. तिच्या संस्थापकांमधल्या लोर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि सुझी या ऑटिस्टिक मुलीच्या आई. १९७९ चं त्यांचं आणि जुडिथ गूल्ड यांचं संशोधन आणि १९८१ चा ऑस्ट्रियन डॉक्टर अ‍ॅस्पर्गर यांच्या कामावरचा निबंध यांनी ऑटिझमची व्याख्याच रुंदावली. आज आपण ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो त्यामागे एका आईची नजर आहे.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या दाराने आत आली. इथे आईला आधी डॉक्टरने नव्हे, घरानेच गप्प केलं. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’, ‘तू उगाच मनाला लावून घेतेस’ ही वाक्यं ऐकल्याशिवाय निदानापर्यंत पोहोचलेली आई महाराष्ट्रात विरळाच. हाक मारली तर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, चाकं फिरवत बसतो, हे तिला सगळ्यांत आधी दिसलेलं असतं. तिची साक्ष कोणी लिहून घेत नाही, एवढंच. पुढे तीच आई मुलाच्या वतीने सगळीकडे बोलते, तेव्हा तिच्या आवाजातला करडेपणा कुठून आला हे समजून घेतलं पाहिजे.

१९९१ साली दिल्लीत मेरी बारुआ या ऑटिस्टिक मुलाच्या आईने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. ते आलं १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात. देशभरच्या पालक संघटनांनी लावून धरलेला हा कायदा आहे आणि त्याच्या उद्दिष्टांत पालकांच्या निधनानंतरच्या सांभाळाचा स्पष्ट उल्लेख आहे. पालकांच्या बैठकीत कुठल्याही विषयावरून चर्चा सुरू झाली तरी ‘आमच्यामागे याचं काय?’ या एका वाक्यावर ती येऊन थांबते. ते वाक्य कायद्यात गेलं हा पालकांच्या बोलण्याचा फार मोठा विजय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यात ऑटिझमला आपलं स्थान मिळालं.

आता दुसरी बाजू. पालकाची साक्ष मोलाची आहे, पण साक्षीतून निष्कर्ष काढताना पालकही चुकतो, आणि हताश पालकाची साक्ष दुसराच कोणी वापरून घेतो. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्डने ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांवर निबंध लिहून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला. त्याचा आधार काय होता? आठ मुलांच्या बाबतीत पालकांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलं की लक्षणं लशीनंतर सुरू झाली. आई-बाप खोटं बोलत नव्हते. लस आणि लक्षणं एकाच वयात येतात, त्यामुळे एकामागून दुसरं दिसतंच. २०१० साली निबंध मागे घेतला गेला आणि वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. पण दरम्यान कितीतरी देशांत मुलांना लस देणं टळलं. आईवरचा दोष पुसणारा रिमलँडही उतारवयात लशींवरच्या संशयाच्या बाजूने उभा होता. एका प्रश्नात बरोबर ठरलेला बाप सगळ्याच प्रश्नांत बरोबर असतो असं नाही.

त्याहून यातनामय प्रकरण आहे हात धरून टंकलेखन करवण्याचं. ऑस्ट्रेलियातून आलेली ही पद्धत १९९० नंतर अमेरिकेत वेगाने पसरली. न बोलणाऱ्या मुलाचा हात मदतनीस धरतो आणि मूल अक्षरांवर बोट ठेवून वाक्यं लिहितं. ज्याने कधी ‘आई’ म्हटलं नाही तो कविता लिहू लागला. आई-बापांच्या डोळ्यांतलं त्या क्षणाचं पाणी खरं होतं. मग १९९३ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका केंद्रात १२ जणांची चाचणी झाली. मदतनिसाला एक चित्र आणि मुलाला दुसरं चित्र दाखवलं. चित्रं वेगळी असताना टंकलेलं उत्तर एकदाही मुलाच्या चित्राशी जुळलं नाही; जुळलं ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राशी. मदतनीस फसवत नव्हते. आपणच अक्षरं ढकलतो आहोत हे त्यांना उमगत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. २०१८ मध्येच तिने आपल्याकडच्या सोमा मुखोपाध्याय यांच्या, अक्षरांचा तक्ता मदतनिसाने धरायच्या ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग’ पद्धतीविषयीही इशारा दिला. सोमा यांचा ऑटिस्टिक, जवळजवळ न बोलणारा मुलगा टिटो कर्नाटकात वाढला. त्याचं पुस्तक २००० साली ब्रिटनमध्ये निघालं आणि तो स्वतःच्या हातानेही लिहितो. म्हणून एका टिटोवरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढणं जसं चूक, तसंच न बोलणाऱ्या प्रत्येकाचं लिखाण उडवून लावणंही चूक. पण चाचणीला नकार देणं हे मात्र मुलावरचं प्रेम नाही. आपण बोलतो आहोत की तो बोलतो आहे हे तपासून पाहणं त्याच्याच हक्काचं आहे.

आणि मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरचं उदाहरण टाळता येत नाही. तिथे निवासी मुला-माणसांच्या अंगावर यंत्र बांधून वर्तन सुधारण्यासाठी विजेचे झटके दिले जात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक प्रतिनिधीने त्याचा निषेध केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली या यंत्रावर बंदी घातली. ती न्यायालयात आव्हान देऊन २०२१ मध्ये उठवली गेली, आणि आव्हान देणाऱ्यांत पालकही होते. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून डोळा गमावण्याची भीती असलेला मुलगा झटक्यांमुळे थांबला, असं ते पालक सांगत. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण ज्याच्या अंगातून वीज गेली त्याची संमती त्या सगळ्या कागदपत्रांत कुठेच नव्हती.

उलट बाजूने आवाज उठला तो १९९० च्या दशकात. १९९३ साली टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना उद्देशून एक निबंध मांडला. त्याचा गाभा असा: तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आलंच नाही, याचं दुःख तुम्हाला होणारच. ते दुःख दुसरीकडे जाऊन करा, कारण जे मूल आलं आहे ते जिवंत आहे आणि तुमच्याकडे पाहतं आहे. पालकांच्या प्रेमावर त्यात अविश्वास नाही. आत्मकथन मुलाच्या नावावर चढवू नका, एवढीच मागणी आहे.

ती मागणी किती रास्त होती हे पुढच्या काळात दिसलं. २००५ साली एका ऑटिस्टिक मुलाच्या आजी-आजोबांनी, बॉब आणि सुझन राइट यांनी, ‘ऑटिझम स्पीक्स’ स्थापन केली. नावातच बोलणं, आणि संचालक मंडळात एकही ऑटिस्टिक माणूस नाही. २००६ च्या त्यांच्या माहितीपटात एक आई, मुलगी खोलीत असताना, तिला घेऊन गाडी पुलावरून खाली घालावी असा विचार मनात आला होता असं सांगते. आईने असं वाटल्याचं सांगणं हा गुन्हा नाही, तिला तेव्हा मदत मिळायला हवी होती. पण बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही, असं त्या खोलीतल्या सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. त्याच वर्षी अरी नीमन आणि इतरांनी ऑटिस्टिक व्यक्तींची स्वतःची संघटना काढली. ‘ऑटिझम स्पीक्स’च्या मंडळावर ऑटिस्टिक सदस्य आले २०१५ अखेर, दहा वर्षांनी, आणि ‘बरं करण्याचं’ उद्दिष्ट त्यांनी २०१६ मध्ये वगळलं.

पालकांच्या आठवणींच्या पुस्तकांचं काय करायचं हा नाजूक भाग आहे. क्लारा पार्क यांनी १९६७ साली मुलीवर लिहिलेल्या पुस्तकाने हजारो आयांना धीर दिला. त्यांनी मुलीचं नाव बदललं होतं. पन्नास वर्षांनी जुडिथ न्यूमन यांच्या पुस्तकावर ऑटिस्टिक वाचकांनी बहिष्कार पुकारला, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं खरं नाव देऊन, त्याने बाप होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेचा अधिकार आपल्याकडे घ्यावा का याचा विचार आईने त्यात जाहीरपणे मांडला होता. मराठीतही अनेक आया लिहीत आहेत, मोबाइलवर मुलांचे रडण्या-आपटण्याचे व्हिडिओही टाकले जात आहेत. माझं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या खचण्याविषयी लिहा. त्याची न्हाणीघरातली, पाळीची, रागाच्या झटक्याची गोष्ट जगासमोर मांडू नका. वीस वर्षांचा झाल्यावर तो हे पाहू शकतो.

यावर अनेक पालकांचा आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. ‘व्यासपीठावर बोलणारी ती माणसं पदवीधर आहेत. माझ्या मुलाला चड्डी घालता येत नाही. ती त्याच्या वतीने कशी बोलतील?’ शाळेच्या वयात पाव ते एक तृतीयांश ऑटिस्टिक मुलांकडे अगदी थोडे शब्द असतात किंवा मुळीच नसतात. २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने चोवीस तास मोठ्या माणसाची गरज असलेल्यांसाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ हा वेगळा शब्द सुचवला तो यासाठीच. अनेक ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. मला दोघांचंही पटतं: गरज वेगळी मोजली जावी, आणि त्या मोजमापाच्या आड ज्याची गरज मोठी त्याचं मत नाही असं धरलं जाऊ नये.

कारण न बोलणाराही बोलतोच. मेल बॅग्ज या न बोलणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तीने २००७ साली एक व्हिडिओ केला. त्यात नळाच्या पाण्याशी बोटांचं खेळणं, गुणगुणणं, वस्तूंना स्पर्श करणं दाखवून मग टंकलेल्या शब्दांत सांगितलं की आधी जे पाहिलंत ती माझी भाषा होती. २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही, मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं, एकमेकांना समजून घेण्यातलं अपयश दुतर्फा आहे. २०२० मध्ये एडिंबरातल्या प्रयोगात ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना निरोप पोहोचवला तेव्हा तो इतरांइतकाच नीट पोहोचला. गडबड झाली ती मिश्र गटांत.

घरातल्या आईला हे नवं नाही. तोंड फिरवलं म्हणजे नको, माझा हात धरून फ्रिजकडे नेला म्हणजे दही हवंय, कान दाबले म्हणजे कुकर बंद कर, हे ती वाचते. ते वाचन तिचं सगळ्यांत मोठं कौशल्य आहे. पण ते एका माणसाच्या डोक्यात राहतं आणि तिच्याबरोबर जातं. म्हणून चित्रकार्डं, चिन्हांचे तक्ते, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’सारखं मराठी बोलणारं अ‍ॅप हे उपचारांच्या यादीत शेवटी टाकायचं काम नाही. चित्रांनी मुलाचं बोलणं खुंटतं ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. आणि त्या तक्त्यावर जेवण, पाणी, शू यांच्याबरोबर ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘तू चुकलीस’ ही घरंही हवीत. फक्त मागता येईल, नाकारता येणार नाही, असा तक्ता म्हणजे पुन्हा पालकाचंच बोलणं.

वयाच्या अठराव्या वर्षी हा सगळा प्रश्न सरकारी कागदावर येतो. बँक, वारसा, शस्त्रक्रिया, सगळीकडे सही मागतात आणि आई-बाप आता नैसर्गिक पालक राहिलेले नसतात. मग नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जातो. ज्याच्याविषयी सगळं चाललं आहे तो कोपऱ्यात बसलेला असतो आणि ‘हा काय करतो?’ हा प्रश्न आईला विचारला जातो. ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ ही म्हण अशा ठिकाणी शब्दशः खरी होते. याचं टोक आपण पाहिलेलं आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’, मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता सांभाळणं अवघड जातं, हे कारण. तिथे पालक सरकार होतं. २००९ साली चंडीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं की बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ स्त्रीच्या गर्भपाताला तिचीच संमती लागते, पालकसंस्थेची चालत नाही.

कायद्यात वाटा आहेत. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला. २०१६ च्या कायद्यातलं कलम १४ ‘मर्यादित पालकत्वा’विषयी बोलतं: निर्णय दोघांचा मिळून, परस्परविश्वासाचा आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. १९९९ चा जुना कायदाही समितीला दोन गोष्टी तपासायला सांगतो, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास नेमक्या कशासाठी. पुढे पालकाने मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. पैशांचा हिशेब कायदा मागतो. त्याच्या इच्छेचा मागत नाही.

माझी विनंती पालकांना आणि त्या समितीत बसणाऱ्यांनाही आहे. अर्जावरचा ‘कशासाठी’ हा रकाना ‘सर्व बाबींसाठी’ असं लिहून भरू नका. बँकेसाठी हवं असेल तर बँकेपुरतं घ्या. सुनावणीला त्याचा तक्ता, त्याची कार्डं किंवा त्याचं अ‍ॅप सोबत न्या आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्या, उत्तराला दहा मिनिटं लागली तरी. आणि दरवर्षीच्या हिशेबाला स्वतःहून एक पान जोडा: या वर्षी त्याने कशाकशाला नाही म्हटलं, आणि त्यातलं आम्ही काय मानलं.